रुईवरचा वाघ : एका साध्या फुलपाखराची ओळख आणि जीवनक्रम

कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की आपण आधी टायटल ब्लॉक बघतो. पार्टचं नाव काय, मटेरिअल कोणतं, स्केल किती, टॉलरन्स किती... त्याशिवाय कामाला हात लावत नाही. पण रोज नाकासमोरून उडत जाणाऱ्या जिवाच्या बाबतीत मात्र "ते बघ, केशरी फुलपाखरू!" एवढ्यावर आपलं समाधान होतं. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्या ओळखणं हे आयुष्यभराचं काम. पण दाराशी असलेली एकच जात अंड्यापासून पंखांपर्यंत पूर्ण समजून घ्यायची तर एक महिना पुरतो, आणि खर्च शून्य! या लेखात तशीच एक जात घेतली आहे.

तिचं इंग्रजी नाव प्लेन टायगर आणि शास्त्रीय नाव डॅनॉस क्रिसिपस. १७५८ साली लिनिअसने तिची शास्त्रीय नोंद केली. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ती आढळते. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. ब्लू मॉरमॉन मोठं, काळं-निळं, देखणं. त्याचे फोटो पेपरात येतात. प्लेन टायगरला असा मान नाही. ते आपलं साधं, सगळीकडे दिसणारं. आणि म्हणूनच अभ्यासाला उत्तम.

रहाटणीत राहणाऱ्यांना तर ते शोधायला कुठे जायलाच नको. कोकणे चौकापासून रहाटणी फाट्यापर्यंत पायी चालत जा. दोन टॉवरच्या मध्ये एखादा मोकळा प्लॉट लागतो. पत्र्याचं कंपाउंड, "ही जागा विकणे नाही" अशी पाटी, आत गाजरगवत, घाणेरी, बांधकामाचा राडारोडा आणि त्यातच छातीभर उंचीची, राखाडी-हिरव्या जाड पानांची रुई. या रुईभोवती जमिनीपासून हातभर उंचीवर सावकाश, घाई नसल्यासारखं उडणारं केशरी फुलपाखरू दिसलं, तर बहुधा तेच आपलं प्लेन टायगर. पण 'बहुधा' हा शब्द आपल्याला काढून टाकायचा आहे. म्हणून आधी ओळख.

ओळखायचं कसं?

पंख पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ७ ते ८ सेंटीमीटर. मूळ रंग केशरी-तपकिरी. पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा तिरका पट्टा. पंखांची कड काळी आणि त्या कडेत बारीक पांढरे ठिपके. डोकं आणि छाती काळी, त्यावरही पांढरे ठिपके.

आता मुख्य खूण. मागच्या पंखाच्या मध्यभागाजवळ ठळक काळे ठिपके असतात. मादीला ३, नराला ४. नराचा हा चौथा ठिपका मोठा असतो आणि त्याच्या मध्यात पांढरट भाग दिसतो. तो नुसता रंग नाही, ती नराची गंधपिशवी आहे. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी काही द्रव्यं नर विशिष्ट झाडांमधून मिळवतो. त्यासाठी खुळखुळ्यासारख्या झाडांच्या सुकलेल्या भागांवर बसून तो सोंडेने रस ओढतो. म्हणजे फुलाऐवजी वाळक्या काडीवर गर्दी करून बसलेले प्लेन टायगर दिसले तर ते बहुतेक सगळे नर असतात, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत. फुलपाखराला कीटक म्हणून ६ पाय असायला हवेत, पण हे बसलेलं असताना मोजले तर ४ च भरतात. पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात, चालायला ते वापरात येत नाहीत. फुलपाखरांच्या ज्या मोठ्या कुळात प्लेन टायगर मोडतं, त्या कुळाची ही खूणच आहे.

गफलत कुठे होते?

पहिली गफलत मोनार्कची. इंटरनेटवर केशरी-काळं फुलपाखरू शोधलं की मोनार्क समोर येतं आणि आपण खूश होऊन तेच नाव फोटोखाली टाकतो. मोनार्क हे अमेरिकेतलं, हजारो किलोमीटर स्थलांतर करणारं फुलपाखरू. ते प्लेन टायगरचं नातेवाईक आहे खरं, पण आपल्या प्लॉटवर उडणारं ते नव्हे. मोनार्कच्या पंखांवरच्या शिरा ठळक काळ्या असतात, प्लेन टायगरच्या तशा नसतात.

दुसरी गफलत स्ट्राइप्ड टायगरची. ते आपल्याकडेही दिसतं. त्याच्या केशरी पंखांवरच्या सगळ्या शिरा जाड काळ्या रेघांनी गिरवलेल्या असतात, अगदी वाघाच्या पट्ट्यांसारख्या. प्लेन टायगरवर हे पट्टे नाहीत, म्हणून तर तो 'प्लेन'.

तिसरं टॉनी कोस्टर. आकाराने लहान, पंख अरुंद, अंगभर विखुरलेले अनेक काळे ठिपके आणि पुढच्या पंखाच्या टोकाला तो ठळक काळा-पांढरा भाग नाही.

चौथी गफलत मात्र भल्याभल्यांची होते. डॅनेड एगफ्लाय नावाच्या एका फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिचा नर पाहाल तर विश्वास बसणार नाही, कारण तो काळा, त्यावर मोठे पांढरे गोल आणि त्यांना जांभळी झाक! मादी मात्र केशरी, काळं टोक, पांढरा पट्टा, सगळं तेच. मग ओळखायचं कसं? मागच्या पंखावरचे ठिपके मोजा. प्लेन टायगरला ३ किंवा ४ आणि एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ फक्त १. एका ठिपक्याच्या हिशोबावर जात बदलते!

एवढी नक्कल तिने का करावी? याचं उत्तर रुईत आहे.

आधी झाड ओळखा

फुलपाखराच्या अभ्यासात एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. आपण हवेत बघत राहतो आणि खरी गोष्ट पानाखाली चाललेली असते. मोठं झालेलं फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसून मध पिऊ शकतं. घाणेरी, एकदांडी, काहीही चालतं. अळीचं तसं नाही. तिला ठरावीक झाडाचीच पानं लागतात. प्लेन टायगरच्या अळीसाठी आपल्याकडचं मुख्य झाड म्हणजे रुई. काही बागांमध्ये लावतात ते लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकूही त्याच गटातलं, तेही तिला चालतं.

रुई कोणाला माहीत नाही? शनिवारी मारुतीला वाहतात त्या पानांच्या माळेतली रुई. उन्हाळ्यात वाऱ्यावर तरंगत येणारी रेशमी केसांची 'म्हातारी' पकडायला आपण लहानपणी धावायचो, ती रुईचीच बी. पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो. या चिकात आणि पानात हृदयाच्या कामावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. शेळी सोडली तर बहुतेक गुरं रुईला तोंड लावत नाहीत. प्लेन टायगरच्या अळीला मात्र हे विष बाधत नाही. उलट ती त्यातला काही भाग अंगात साठवते आणि तो पुढे फुलपाखराच्या शरीरातही उतरतो. पक्ष्याने एकदा असं फुलपाखरू खाऊन पाहिलं की चव कडू लागते, उलटी होते आणि तो धडा शिकतो. पुढच्या वेळी केशरी-काळा रंग दिसला की तो वाटेला जात नाही. म्हणूनच प्लेन टायगर एवढ्या निवांतपणे उडतं. त्याला पळायची गरजच नाही.

आता एगफ्लायच्या मादीचा डाव कळतो. तिची अळी घोळासारख्या खाण्याजोग्या झाडांवर वाढते. हो, तीच आपली घोळाची भाजी. तिच्या अंगात हे विष नाही, पण वेश विषारी फुलपाखराचा. पक्षी फसतो आणि ती वाचते. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून अशा नकलेचं स्पष्टीकरण १८६२ साली मांडलं. तेव्हापासून तिला बेट्सची नक्कल म्हणतात. मात्र यात एक अट आहे. नकली माल अस्सल मालापेक्षा फार जास्त झाला तर पक्ष्यांचा धडा कच्चा राहतो. म्हणजे रुई आणि रुईवरचं प्लेन टायगर टिकलं तरच एगफ्लायच्या मादीचा वेश कामाचा!

पहिली अवस्था : अंडं

मादी रुईवर येते तेव्हा लगेच ओळखू येते. ती फुलाकडे बघत नाही, पानाला पाय लावून चाचपते. कीटकांना पायांनी चव कळते. झाड योग्य वाटलं की पोट वाकवून, शक्यतो पानाच्या खालच्या बाजूला, एक अंडं चिकटवते आणि पुढे जाते. एका जागी एकच. सगळी अंडी एका पानावर घातली तर पिल्लांमध्येच खाण्यासाठी भांडणं होणार, हे त्यामागचं कारण.

अंडं जेमतेम मिलिमीटरभर, चांदीसारखं पांढरं, घुमटाच्या आकाराचं आणि त्यावर उभ्या बारीक कडा. भिंग घेऊन बघा, एखाद्या मशीन केलेल्या पार्टसारखं सुबक दिसतं. साधारण ३-४ दिवसांत ते फुटतं. बाहेर आलेली अळी पहिलं जेवण करते ते स्वतःच्याच अंड्याच्या कवचाचं.

दुसरी अवस्था : अळी

अळीचं काम एकच, खाणं. सुमारे दोन आठवड्यांत ती काही मिलिमीटरपासून जवळजवळ ४ सेंटीमीटरपर्यंत वाढते. अंगावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे-ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या ३ जोड्या. या ३ जोड्या ही पक्की खूण. मोनार्कच्या अळीला २ च असतात.

आता इंजिनिअरिंगचा भाग. रुईच्या पानात चिकाच्या नळ्यांचं जाळं असतं आणि चीक त्यात दाबाखाली असतो. पान चावलं की तो जोरात बाहेर येतो आणि हवेत घट्ट होतो. छोट्या अळीचं तोंडच चिकटून बंद होऊ शकतं. मग ती काय करते? लहान असताना पानावर आधी गोलाकार चर खणते आणि त्या चराच्या आतला भाग खाते. मोठी झाली की पानाच्या मधल्या शिरेला किंवा देठाला चावे घेते, चीक तिथेच वाहून जाऊ देते, मग निवांत पुढचा भाग खाते. सोसायटीत खालच्या मजल्यावर मेन पाइप फुटला की वरच्या नळाची धार बारीक होते ना? नेमकं तेच. दाब आधी पाडायचा, मग काम करायचं. प्रेशर व्हेसल उघडण्याचा नियम अळीला जन्मतःच ठाऊक!

अळीची कातडी आपल्यासारखी वाढत नाही. ती तंग झाली की अळी एक-दोन दिवस खाणं थांबवते, कात टाकते आणि नव्या, सैल कातडीत पुन्हा खायला लागते. अशी ४ वेळा कात टाकून ती ५ टप्पे पूर्ण करते. दर वेळी डोक्याचं कडक कवच गळून पडतं. अळी बरेचदा टाकलेली कात खाऊन टाकते, पण हे कवच उरतं. ते उचलून मोजता येतं. हॅरिसन डायर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १८९० साली दाखवून दिलं की अळीच्या डोक्याची रुंदी प्रत्येक टप्प्यात जवळजवळ ठरावीक गुणोत्तराने वाढते. म्हणजे सरळसरळ जॉमेट्रिक प्रोग्रेशन! टप्पा क्रमांक आणि रुंदीचा लॉग यांचा ग्राफ काढला तर साधारण सरळ रेष मिळते.

तिसरी अवस्था : कोष

पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडते आणि भटकायला लागते. कधी त्याच झाडावर, कधी शेजारच्या काडीवर किंवा कंपाउंडच्या पत्र्याखाली जागा निवडते. तिथे रेशमाची छोटी गादी विणते, शेपटीकडचा भाग त्यात अडकवते आणि डोकं खाली करून लोंबकळते. इंग्रजी 'जे' अक्षरासारखा आकार होतो. जवळपास एका दिवसात शेवटची कात फाटते आणि आतून कोष दिसतो. त्याच्या टोकाला सूक्ष्म आकड्यांचा गुच्छ असतो, तो रेशमात अडकतो. वेल्क्रोची पट्टी आठवा.

इथे एक समज दूर करायला हवा. रेशमाच्या किड्यासारखं धाग्यांचं वेष्टण या कोषाला नसतं. जे दिसतं ते कोषाचंच कडक कवच. रंग हिरवा किंवा गुलाबीसर, आजूबाजूच्या रंगाशी जुळता, आणि त्यावर सोनेरी चकाकणारे ठिपके.

आत काय चालतं? बाहेरून शांत, आत पूर्ण प्लांट शिफ्टिंग! अळीचे बरेचसे स्नायू आणि ऊती विरघळतात. अळीच्या शरीरात आधीपासून असलेल्या पेशींच्या छोट्या गटांपासून पंख, लांब पाय, सोंड, डोळे तयार होतात. चावणाऱ्या जबड्याच्या जागी शोषणारी सोंड येते. साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. कीटकांच्या शरीराचं तापमान हवेवर अवलंबून असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हाच काळ लांबतो.

चौथी अवस्था : फुलपाखरू

शेवटच्या दिवशी कोष गडद होतो आणि त्यातून केशरी-काळे पंख आरपार दिसू लागतात. बहुधा सकाळच्या वेळी कवच फुटतं आणि फुलपाखरू बाहेर येऊन लोंबकळतं. पंख तेव्हा चुरगळलेले आणि ओले. ते पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये पंप करतं, पंख ताठ होतात, मग वाळतात. या वेळी कोणी 'मदत' म्हणून हात लावला किंवा पंख पसरायला जागा कमी पडली तर ते तसेच वाकडे वाळतात आणि फुलपाखरू कधीच उडू शकत नाही. म्हणून लांबूनच बघा.

उष्ण दिवसांत अंड्यापासून इथपर्यंतचा प्रवास साधारण तीन ते चार आठवड्यांचा. त्यामुळे वर्षात याच्या अनेक पिढ्या होतात.

नोंदी कशा ठेवाल?

अळी घरी आणायची गरज नाही. जवळची एक रुई ठरवा. पानांच्या देठांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधून नंबर द्या. रोज एकाच वेळी जाऊन तारीख, पान नंबर, अंडं की अळी, अंदाजे लांबी आणि त्या दिवशीचं कमाल-किमान तापमान लिहा. मोबाइलने फोटो काढताना शेजारी ग्राफ पेपरचा तुकडा धरा, लांबी फोटोवरूनच मोजता येते.

दोन सूचना. एक, रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून पानं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावू नका. दोन, तुमच्या नोंदीतल्या बऱ्याच अळ्या अर्ध्यातच नाहीशा होतील. मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या त्यांना खातात. काही जातींच्या माश्या अळीवर अंडी घालतात आणि पुढे कोषातून फुलपाखराऐवजी माशी बाहेर पडते. निराश होऊ नका, तीही नोंदच आहे. किती अंड्यांतून किती फुलपाखरं झाली हा आकडा तुमच्या अभ्यासाचा सगळ्यात मोलाचा आकडा असेल.

साधं म्हणून सोडून देऊ नका

इजिप्तमध्ये नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात शिकारीचं एक भित्तिचित्र होतं. इसवीसनपूर्व सुमारे १३५० मधलं हे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातली केशरी फुलपाखरं आजही प्लेन टायगर म्हणून ओळखता येतात. तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने पांढऱ्या ठिपक्यांसकट खुणा टिपल्या, म्हणून हे शक्य झालं.

प्लेन टायगर नामशेष व्हायच्या मार्गावर नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. एक प्लॉट साफ झाला म्हणून जात संपत नाही. पण त्या प्लॉटवरची पिढी मात्र संपते. मोकळी जागा साफ करताना गाजरगवताबरोबर रुईही जाते, तिच्यासोबत पानाखालची अंडी, अळ्या, कोष सगळं डंपरमध्ये. दुसऱ्या दिवशी मादी येते, चाचपायला पान सापडत नाही आणि ती पुढे निघून जाते. कोणालाच काही कळत नाही, कारण मेलेलं फुलपाखरू कुठेही पडलेलं दिसत नाही. ते जन्मलेलंच नसतं.

रहाटणीतले प्लॉट कायम मोकळे राहणार नाहीत. घरं होणार, आणि त्यातच आपणही राहणार. पण कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या कंपाउंडलगत, लहान मुलांच्या वावरापासून दूर, दोन रुया ठेवायला कितीशी जागा लागते? स्वच्छता मोहीम असेल तेव्हा विळा चालवण्याआधी रुईची चार पानं उलटून बघा. अळ्या दिसल्या तर ते झुडूप तीन आठवडे सोडा, तेवढ्यात त्या उडून जातात. सगळी झुडपं एकदम कापण्याऐवजी आज अर्धी, महिन्याने अर्धी कापा. याला ना बजेट लागतं, ना परवानगी.

तर मग, परीक्षा संपल्यावर नको, आजच संध्याकाळी घरी जाताना एखाद्या रुईपाशी थांबा. पान हळूच उलटा. चांदीचा एक ठिपका दिसला तर तारीख लिहून ठेवा. पुढचं वेळापत्रक आता तुम्हाला पाठ आहेच!